नाव बाईचं, चावी कुणाकडं? : गाडीचा विमा समजून घेताना

(बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘गाडीचा विमा’ हा विषय पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, “ताई, आपण मारहाणीवर बोलतो, पोटगीवर बोलतो, सातबाऱ्यावर नाव लावण्यावर बोलतो. हे मध्येच विम्याचं काय काढलंत?” प्रश्न रास्त आहे. मी एमएसडब्ल्यू केलं तेव्हा आमच्या अभ्यासक्रमातही हा विषय कुठं नव्हता. तो मला शिकवला आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईनं.

ती आली तेव्हा तिच्या पिशवीत कोर्टाची नोटीस होती. घडी उलगडून तिनं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “यात माझं नाव पहिलं का आहे तेवढं सांगा.” मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती ती. एका पिकअपनं सायकलवरून कामाला निघालेल्या माणसाला उडवलं होतं, तो जागीच गेला होता. पिकअप चालवत होता या बाईचा दीर. पण गाडी कागदावर हिची होती. नवऱ्याचं आधीचं कर्ज थकलेलं, म्हणून नवं कर्ज हिच्या नावावर काढलं. “बँकेत नेलं, सही कर म्हणाले, केली.” गाडीत ती कधी पुढच्या सीटवर बसलीसुद्धा नव्हती. गाडीची कमाई दिराच्या हातात, चावी दिराच्या खिशात, आणि मालक म्हणून नाव हिचं.

गाडीचा विमा अपघाताच्या आधी दोन महिने संपला होता. नूतनीकरणाचे मेसेज येत होते, पण ते दिराच्या मोबाइलवर. विमा असता तर भरपाई विमा कंपनीनं दिली असती. विमा नाही, म्हणजे ती गाडीच्या मालकानं द्यायची. मालक कोण? तर आरसी बुकावर जिचं नाव आहे ती. ही रक्कम भरली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे घरी तलाठी येणार.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणानं. पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर कोर्टात गेले. व्हरांड्यातल्या बाकावर दुसऱ्या टोकाला एक बाई दोन मुलं घेऊन बसली होती. सायकलवरून गेलेल्या माणसाची ती बायको. ती आमच्या केंद्रात आधी आली असती तर मी तिच्या बाजूनं उभी राहिले असते. एकीचा नवरा गेला होता, दुसरीचं घर जायची वेळ आली होती, आणि ज्यांनी विमा भरायचा विसरला ते पुरुष बाहेर टपरीवर चहा पीत होते. शेवटी निकाल मालकिणीच्या विरोधात लागला. पिकअप विकून काही रक्कम भरली, बाकीची हप्त्याहप्त्यानं चालू आहे. म्हणजे एका बाईचे पैसे दुसऱ्या बाईला कसेबसे मिळताहेत. वेळेवर भरलेल्या एका पावतीनं हे सगळं टळलं असतं.

तेव्हापासून मी प्रत्येक गटाच्या बैठकीत एक प्रश्न विचारते, तो तुम्हालाही विचारते. किती जणींच्या नावावर गाडी आहे? स्कूटी, रिक्षा, टेम्पो, कार, काहीही. बऱ्याच हात वर आले. आता त्यातल्या किती जणींना आपल्या विम्याची मुदत कधी संपते ते माहीत आहे? पाहा, हात खाली गेले. आजचं बोलणं या खाली गेलेल्या हातांसाठी आहे.

तिसरा माणूस म्हणजे कोण?

एजंट आपल्याशी बोलताना ‘थर्ड पार्टी’, ‘फुल इन्शुरन्स’ असे शब्द टाकतो आणि आपण मान डोलावतो. हे शब्द आधी सोपे करून घेऊ.

विमा हा करार आहे. त्यात पहिला पक्ष आपण, दुसरा विमा कंपनी. या दोघांखेरीज ज्याचं आपल्या गाडीमुळे नुकसान होतं तो तिसरा. रस्त्यानं चालणारी म्हातारी, सायकलवाला, समोरच्या रिक्षातली प्रवासी बाई, हे सगळे तिसरे. त्यांच्यासाठीचा विमा म्हणजे थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडाच्या भीतीनं तो काढू नका. रस्त्यावरच्या अनोळखी बाईच्या संसाराची हमी म्हणून काढा. आपला नवरा, आपली पोरं सायकलवर निघतात तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीचा विमा असावा असं आपल्याला वाटतंच ना?

या विम्याच्या दरांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, ते सगळ्या कंपन्यांना सारखे असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये, त्याहून मोठ्या गाडीला ७,८९७ रुपये होते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे आपल्या बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींना, ७१४ रुपये. यावर जीएसटी वेगळा. तेव्हा “तुमच्यासाठी थर्ड पार्टीत सूट काढून देतो” असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. एक तर तो दुसऱ्या कुठल्या आकड्यात ती वसूल करतोय, नाहीतर पॉलिसीच खोटी आहे. खोट्या पॉलिसी विकल्या जातात. पैसे भरल्यावर काही दिवसांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा दिसतो का ते पाहा.

नवी गाडी घेतली की १ सप्टेंबर २०१८ पासून कारचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. इथं एक फसगत होते. शोरूमवाला सांगतो, “मॅडम, पाच वर्षं बघायला नको.” पण बऱ्याचदा पाच वर्षांचा असतो तो थर्ड पार्टी. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की मग कळतं. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा असतात, दोन्ही वाचा.

आपल्या गाडीचं काय?

थर्ड पार्टीत आपल्या गाडीला एक पैसा मिळत नाही. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, दंगलीत फोडली, या सगळ्यासाठी दुसरा भाग लागतो. त्याला लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. नाव फुल असलं तरी तो भरलेला हंडा नाही. त्यात गळती कुठं कुठं आहे ते पाहू.

पहिली गळती आयडीव्ही. म्हणजे विमा कंपनीनं कागदावर धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर याच रकमेच्या हिशेबानं पैसे मिळतात. ती दरवर्षी कमी होते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला नव्या किमतीच्या वीस टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर ती आपण आणि कंपनीनं मिळून ठरवायची. हप्ता कमी दाखवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही खाली ओढणं. आपण खूश होतो, आणि गाडी गेली की रडतो.

दुसरी गळती घसाऱ्याची. अपघातात पार्ट बदलला तर कंपनी जुन्या पार्टची घट कापून पैसे देते. प्लास्टिक आणि रबराच्या वस्तूंवर सरळ पन्नास टक्के कापतात. आजच्या गाडीत प्लास्टिक किती असतं बघा. ही कपात टाळायची तर ‘झिरो डेप’ नावाची जोड घ्यावी लागते, तिला जादा हप्ता पडतो.

तिसरी, प्रत्येक दाव्यात काही रक्कम आपणच सोसायची असते. दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला ती एक हजार रुपये आहे.

आता हिशेब करू. आपली कार चार वर्षांची. बंपर फुटला, नवा सहा हजारांचा. प्लास्टिक म्हणून निम्मे कापले, राहिले तीन हजार. वरचे एक हजार आपले. कंपनीकडून हातात दोन हजार. आता दुसरी बाजू. तीन वर्षं आपण काही मागितलं नव्हतं म्हणून हप्त्यात ३५ टक्के सूट मिळत होती, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढते. एकदा दावा केला की शून्यावर. गाडीच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता सहा हजार धरला तर ३५ टक्के म्हणजे २,१०० रुपये. दोन हजारांसाठी एकवीसशे घालवले, आणि पुन्हा वीस टक्क्यांपासून चढायचं ते वेगळंच. गॅरेजवाला म्हणतो, “मॅडम, क्लेम टाकून देतो ना.” त्याचं बिल निघतं, आपला बोनस जातो. छोटं काम खिशातून करा, विमा मोठ्या संकटासाठी राखा.

चौथी गळती पावसाळ्यात कळते. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आठवा. पुरानं झालेलं नुकसान या विम्यात बसतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायचा प्रयत्न केला, त्यामुळे इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते बिघडलं, तर हा तुमच्या कृतीचा परिणाम म्हणून कंपन्या पैसे नाकारतात. इंजिनासाठी वेगळी जोड मिळते. ती नसेल तर पाण्यातल्या गाडीची चावी फिरवू नका. ढकलून बाहेर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि मगच गॅरेजला न्या.

गाडीत आपण असतो, विम्यात असतो का?

मैत्रिणींनो, मला आज सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. आपण बहुतेक वेळा गाडीत मागे बसतो. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे, टेम्पोच्या हौद्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मागे बसणाऱ्या बाईचं विम्यात काय?

फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती त्या विम्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं. सायकलवाला तिसरा, पण मागे बसलेली बायको ‘तिसरी’ नाही. गाडीचा पूर्ण, म्हणजे पॅकेज विमा असेल तर मात्र कारमध्ये बसलेले आणि दुचाकीवर मागे बसलेले त्यात येतात, हे २०१२ च्या निकालात स्पष्ट झालं. तेव्हा घरात जुन्या मोटारसायकलचा हप्ता वाचवायचा म्हणून फक्त थर्ड पार्टी भरली जाते, त्यात मागच्या सीटवरच्या बाईचं संरक्षणही वाचवलं जातं.

मालवाहू गाडीची गोष्ट आणखी कडू आहे. लग्नाला, जत्रेला, खुरपणीला, ऊसतोडीला बायका टेम्पोत आणि ट्रॉलीत भरून नेतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. स्वतःचा माल घेऊन त्याच गाडीतून जाणारा मालधनी आणि गाडीवर कामाला असलेले मजूर यांना कायद्यानं संरक्षण आहे, बाकीच्यांना नाही. मुकादमाशी उचलीचं बोलणं करताना नेण्या-आणण्याच्या गाडीचंही बोला, ते याचसाठी.

आता स्वतः गाडी चालवणाऱ्या बाईचं. पॉलिसीत एक ओळ असते, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, पंधरा लाखांचा. ही रक्कम २०१८ पासून वाढली, त्याआधी दुचाकीला ती फक्त एक लाख होती. नाव नीट ऐका, मालक-चालक. गाडीचा नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल, त्याच्याकडे लायसन असेल, तरच हे पैसे. स्कूटी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, तर हा विमा तिचा नाही. शिवाय मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिसरा पक्ष ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिला. त्या प्रकरणात दुसऱ्याची मोटारसायकल चालवणारा माणूस बैलगाडीला धडकून गेला होता. म्हणजे नवऱ्याच्या नावावरची स्कूटी चालवणारी बाई स्वतःच घसरून पडली तर दोन्हीकडून रिकामी.

आणि उलट बाजू. त्या पिकअपवाल्या बाईकडे लायसन नव्हतं. तरी तिच्या आधीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा हप्ता दरवर्षी कापला होता. जी चालवूच शकत नाही तिचा चालक म्हणून विमा! तो पैसा कधीच मिळणार नव्हता. मालकाकडे लायसन नसेल तर हा हप्ता भरायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. त्याऐवजी प्रत्यक्ष चालवणाऱ्याचा आणि बसणाऱ्यांचा अपघात विमा जादा हप्ता भरून जोडता येतो. संस्थेच्या नावावर जीप असेल तिथंही हेच. संस्थेला लायसन नसतं. तिथं ड्रायव्हरची जोखीम आणि बसणाऱ्या कार्यकर्त्यांचा विमा वेगळा घ्यायचा. आमच्या संस्थेच्या जीपचा हा घोटाळा मीच दोन वर्षं पाहिला नव्हता, हे इथं कबूल करते.

ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांनी निदान पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सोडू नये. १ जून २०२२ पासून तिचा वर्षाचा हप्ता वीस रुपये झाला. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं. गाडी कुणाची, कोण चालवत होतं, हे तिथं कुणी विचारत नाही.

स्वस्त कसा घ्यायचा?

मी २०१७ साली एक सेकंडहँड छोटी कार घेतली. एजंट घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मिस्टर कधी येतील?” मी म्हटलं, गाडी माझी, पैसे माझे, मलाच सांगा. मग त्यानं पाच मिनिटांत सगळं उरकलं आणि सही मागितली. सही न करता मी कागद ठेवून घेतला. तेव्हापासून मी जे करते ते सांगते.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा, तीन कंपन्यांचे. आडव्या ओळी पाच : थर्ड पार्टी, गाडीचं नुकसान, मालक-चालक, जोड्या, जीएसटी. प्रत्येक कंपनीला आयडीव्ही एकच सांगा, जोड्या त्याच सांगा, आणि मग आकडे विचारा. थर्ड पार्टीची ओळ तिन्हीकडे सारखी यायला हवी. फरक पडतो तो गाडीच्या नुकसानीच्या ओळीत. २००७ पासून तिथले दर कंपन्या स्वतः ठरवतात, म्हणून तिथं घासाघीस चालते. कंपनीकडून थेट घेतला तर किती, हेही विचारा.

वाचवायचं कुठं? टायरचं, चावीचं, सामानाचं अशा जोड्या गरज नसेल तर काढून टाका. फार जुन्या कारची बाजारात किंमतच उरली नसेल तर झिरो डेपच्या मागे लागू नका. गाडी बदलली तरी आपला नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावून घ्या, तो गाडीचा नसतो, आपला असतो. आणि मुदत चुकवू नका. विमा संपून नव्वद दिवस झाले की बोनस बुडतो.

वाचवायचं कुठं नाही? मुदतीत, आयडीव्हीत, आणि खऱ्या माहितीत. खासगी पॉलिसी स्वस्त पडते म्हणून धंद्याच्या गाडीवर ती घेऊ नका. आणि पॉलिसीवर मोबाइल नंबर आपला लावा. ही फुकटची गोष्ट आहे आणि सगळ्यात मोलाची.

घरातला माणूस गेल्यावर

अपघातानंतर आपल्याकडे येणाऱ्या बाईला तीन गोष्टी लगेच सांगा.

एक, गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालू राहते. तेवढ्यात वारसांनी आपल्या नावावर करून घ्यायची. नवऱ्याचा बोनसही पत्नीला मिळू शकतो.

दोन, भरपाईचा अर्ज न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत करायचा. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत आली आहे. तेराव्यात, महिन्याच्या कार्यात दिवस जातात, म्हणून कार्यकर्तीनं तारीख लिहून ठेवावी. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, तसाच ती बाई राहते तिथंही करता येतो. सासरहून माहेरी आलेली बाई माहेरच्या जिल्ह्यात करू शकते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळण्याची योजना आहे. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा.

तीन, गेलेली व्यक्ती ‘नुसती गृहिणी’ असेल तर भरपाई कमी मागू नका. १९९४ मध्ये कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरलं होतं. नवऱ्याचा पगार कमी, तर हिच्या कामाची किंमतही कमी! या विचारावर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये टीका केली. २०२१ च्या निकालात तर न्यायालयानं सरकारी पाहणीचे आकडेच मांडले, बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ९७ मिनिटं. आपण वर्षानुवर्षं मोर्चात सांगत आलो ते तिथं निकालपत्रात आलं. म्हणून प्रतिज्ञापत्रात ‘घरकाम’ एवढंच लिहू नका. पाणी किती लांबून आणायची, गुरं किती, कुणाचं औषधपाणी करायची, शेतात काय करायची, सगळं लिहा. एकेका कामाला किंमत आहे.

काही प्रश्नोत्तरं

*मी माझ्या कारमधून गल्लीतल्या सहा मुलांना पैसे घेऊन शाळेत सोडते. चालेल ना?*

खासगी कारची पॉलिसी भाड्यानं वापरायला नसते. काही झालं तर कंपनी अंग काढून घेऊ शकते, आणि ती मुलं आपल्या शेजारणींची आहेत. परवाना आणि त्याप्रमाणे विमा करून घ्या. खर्च वाढेल, पालकांना तसं सांगा. धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही.

*मोटारसायकल विकली, पण नाव अजून आमचंच आहे.*

आजच उठून आरटीओत जा. २०१८ च्या निकालाप्रमाणे आरसीवर नाव असलेलाच मालक, मग मध्ये चार हात बदललेले असोत. घेणारीनं चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करायचा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं येत नाही.

*आमच्या गटाचा छोटा टेम्पो आहे. चालवणाऱ्या ताईकडे साध्या कारचं लायसन आहे.*

साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं सांगितलं. पण ते मुदतीत हवं. लायसनच नसेल तर कंपनी समोरच्याला पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करते.

*विधवा सुनेनं दुसरं लग्न केलं की भरपाई जाते का?*

जात नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सासरचे सांगतील ते कायदा समजू नका.

*कंपनीनं आमच्याच गाडीचा दावा फेटाळला तर?*

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जायला हवं.

जाता जाता एकच काम देते. पुढच्या मासिक बैठकीला पासबुकाबरोबर प्रत्येकीनं घरातल्या गाडीचं आरसी बुक आणि विम्याचा कागद घेऊन यायचा. घरात मागितल्यावर “तुला कशाला पाहिजे?” असं ऐकावं लागेल. सांगा, नाव माझं आहे. आणि नाव तुमचं नसेल तर सांगा, मागच्या सीटवर मी बसते. बैठकीत कागद उघडून चार गोष्टी वहीत लिहा : मालक कोण, चालवतं कोण, मुदत कधी संपते, मोबाइल नंबर कुणाचा. ज्या वहीत कर्जाचे हप्ते लिहिता त्याच वहीत लिहा, आणि मुदतीच्या महिनाभर आधी गटाच्या अध्यक्षेनं आठवण करायची.

आमच्या तालुक्यातल्या एका गटानं हे केलं तेव्हा सतरा गाड्यांपैकी पाचांचा विमा संपलेला निघाला. पाचही गाड्या रोज रस्त्यावर होत्या. त्यातली एक अध्यक्षाबाईंच्याच मुलाची होती. दुसऱ्या दिवशी पाचही विमे भरले गेले. आता ती वही घेऊन त्या शेजारच्या गावात जातात.